सकाळी सात ते संध्याकाळी सात

माझ्या सासऱ्यांचं जाणं मी बायकोपासून बारा तास लपवून ठेवलं.

जून महिना होता. पूर्व कॅनडातल्या आमच्या कनाटा गावाहून आम्ही दोघंच अल्बर्टातल्या बॅडलँड्स, पाऊस-वाऱ्याने झिजलेल्या उघड्या दऱ्या, बघायला आलो होतो, सहा वर्षांनी पहिली खरी सुट्टी. ड्रमहेलरच्या हॉटेलात सकाळी सातला मेहुण्याचा नागपूरहून फोन आला. ती आंघोळीला गेली होती.

"भाऊजी, बाबा गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत."

तोच पुढे म्हणाला, "ताईला प्रवासात सांगू नका. कॅल्गरीला पोचलात की सांगा. उद्या सकाळी सहाला न्यायचं आहे, तोवर व्हिडिओवर दर्शन होईल. ग्रुपवर कोणी काही टाकणार नाही, मी बघतो."

त्यांचे सकाळचे सहा म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसहा. कॅल्गरीला आम्ही चारपर्यंत पोचणार होतो. भरपूर वेळ आहे असं मी म्हणालो. आमच्याकडे असंच करतात, दूरच्या माणसाला वाईट बातमी बेताबेताने देतात. पण खरं सांगायचं तर मलाही तो दिवस हवा होता.

तिचे बाबा भूगोलाचे मास्तर. दरीच्या कडेला उभी राहून ती दगडांचे पट्टे मोजत होती, तांबडा, राखाडी, मग कोळशाची काळी रेघ. "बाबा असते ना, तर आपल्याला इथेच उभं करून तासभर शिकवलं असतं," ती म्हणाली. हॉटेलच्या वायफायवरून सकाळीच तिने त्यांना फोटो पाठवले होते. "एकच टिक येतेय अजून. फोन चार्ज करायचा विसरले असणार. म्हातारा ऐकत नाही."

मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दुपारी दोनला निघताना तिने एक पाटी पाहिली. "अरे, अजून एक व्ह्यूपॉइंट! चल ना, अर्धा तास." पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं होतं आणि रस्ता मातीचा होता. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मी गाडी वळवली.

पाच किलोमीटर आत गेल्यावर गारा सुरू झाल्या, मग पाऊस. तिथली माती ओली झाली की साबणासारखी होते. गाडी आडवी घसरत कडेच्या चरात गेली आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. फोनला सिग्नल नव्हता. मी गारांतून वर टेकाडावर गेलो, फोन डोक्यावर धरून उभा राहिलो. परत आलो तेव्हा ती म्हणाली, "एवढं काय? ऑफिसचा मेल अडला का? बस, चिवडा खा."

चार वाजले. पाच वाजले. काचेवरून मातकट पाणी वाहत होतं आणि ती लहानपणची गोष्ट सांगत होती, बाबांनी अंगणात वाळूचा ढीग करून, त्यावर तांब्याने पाणी ओतून तिला नदी दाखवली होती ती. तेव्हाच सांगायला हवं होतं. फोन लागत नाही, मग सांगून तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा, अशी मी मनाची समजूत घातली. डोकं पुसलेल्या टिश्यूची माझ्या मुठीत गोळी झाली होती.

सव्वासहाला एक म्हातारा शेतकरी पिकअप घेऊन आला. दोरी बांधून त्याने गाडी ओढून काढली. ती त्याला उरलेला चिवडा देत होती, आणि तो एकेक शेंगदाणा निवडून खात होता, तेव्हा गाडीतल्या घड्याळात साडेसहा झाले.

हायवेवर आल्यावर सातच्या सुमारास तिचा फोन वाजायला लागला. एकामागून एक. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, "थांब, आधी माझं ऐक." पण तिच्या आत्याने ग्रुपवर बाबांचा फोटो टाकला होता, हार घातलेला.

तिने भावाला फोन लावला. स्पीकरवर तो रडत होता. "ताई, आत्ताच नेलं गं. तुझ्यासाठी वीस मिनिटं थांबलो. भाऊजींना किती फोन केले."

तिने फोन बंद करून मांडीवर ठेवला. पाऊस थांबला होता, सगळ्या रानावर स्वच्छ ऊन पडलं होतं.

"तुला कधी कळलं?"

"सकाळी."

"नाश्त्याच्या आधी की नंतर?"

"आधी."

"म्हणजे मी दुसरा वॉफल आणायला गेले, तेव्हा तुला माहीत होतं."

मी हो म्हणालो. ती ओरडली नाही. कॅल्गरीपर्यंत तिने फक्त एकच वाक्य उच्चारलं, "मी त्यांना म्हातारा म्हणाले रे आज."

त्याला आता तीन वर्षं होतील. मेहुण्याला तिने केव्हाच माफ केलं. मलाही ती काही बोलत नाही. फक्त कुठेही निघायचं असलं, अगदी मॉन्ट्रियलला दोन तासांवर, तरी गाडीत बसण्याआधी दार धरून उभी राहते.

"काही सांगायचं आहे का?"

मी नाही म्हणतो. ती माझा चेहरा नीट बघते, मग आत बसून पट्टा लावते.