चॉकलेटी स्वयंपाकघर

झुंबरबाई रागीट आहे, हे उचगावात कुणाला सांगावं लागत नाही. तिचा नवरा पिराजी रंगारी. शिडीवरून पडून तो कमरेनं अधू झाला आणि ब्रश तिच्या हातात आला. ‘बाई काय रंग मारणार?’ म्हणणाऱ्यांच्याच भिंती ती अठरा वर्षं रंगवतेय.

दिवाळीआधी आकारामआण्णांच्या घराचं काम निघालं. आण्णांनी शेडकार्डवर बोट ठेवत सांगितलं, हॉलला मोतिया, स्वतःच्या खोलीला आकाशी, स्वयंपाकघराला गडद चॉकलेटी.

“आण्णा, तिथं एकच झरोका हाय. चॉकलेटी मारला तर भरदिवसा अंधार पडंल की.”

“गडदावर मळ दिसत न्हाय. फिका मारून दर दोन वर्सानं तुला बोलवू व्हय?”

“आन् तिथं राबतंय कोण?”

“सून हाय की. ट्यूब लावंल.”

सून संयोगिता तिथंच भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

झुंबरबाईची कानशिलं तापली. “पावणं अर्धा तास बसत्यात, त्यास्नी उजेड. ही पहाटंपास्नं उभी, तिला अंधार? तुमच्या खोलीत मारा की चॉकलेटी, तिथं नुसतं झोपायला तर जातासा!”

रोलर बादलीत आपटून ती निघून आली.

आठवड्यानं बाजारात संयोगिता भेटली. आभार मानेल, असं झुंबरबाईला वाटलं.

“मावशी, तुम्ही भांडून गेलासा. दुसरा रंगारी येऊन चॉकलेटी मारून गेला. तुमचा राग निघाला. माझं काय?”

 घरी येईपर्यंत झुंबरबाई स्वतःलाच शिव्या घालत होती.

आण्णा एका लग्नासाठी मलकापूरला गेले, त्या दिवशी सकाळीच ती रंगाचे डबे घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

“रंग कुठला पाहिजे, तूच सांग.”

संयोगिता घाबरली. तरी तिनं ओट्यावरची भांडी बाजूला सरकवली. मग म्हणाली, “दह्यासारखा.”

गडदावर फिका रंग सहजी बसत नाही. दोन हात मारले तरी चॉकलेटी खालून डोकावत होता. तिसऱ्या हाताला संयोगितानंच ओढणी कमरेला बांधली आणि रोलर घेतला. दात-ओठ खाऊन ती भिंत घासल्यासारखी रंगवत होती.

संध्याकाळी आण्णा आले आणि दारातच गरजले, “कुणाला विचारून मारला?”

झुंबरबाईनं तोंड उघडायच्या आत संयोगिता म्हणाली, “मी सांगितलं. इथं मी असते दिवसभर. तुम्ही न्हाय.”

आण्णांनी दोघींचा उद्धार केला. झुंबरबाईला परत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. सुनेशी पंधरा दिवस बोलले नाहीत. भिंत मात्र तशीच राहिली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावरही झुंबरबाई धुमसत होती.

“आता कुणावर?” पिराजीनं विचारलं.

“माझ्यावर. त्या दिवशी एवढी भांडले, पण तुला कुठला रंग पाहिजे म्हणून त्या पोरीला मी तरी कुठं इचारलं?”