छोट्या शब्दांची परीक्षा

काष्टीच्या बाजारतळाशेजारी, खतं-बियाणांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत माझा इंग्रजीचा क्लास होता. खालून फवारणीच्या औषधांचा उग्र वास यायचा आणि वर मी 'वुड' आणि 'कुड' शिकवायचे.

आमच्या भागात मोठे इंग्रजी शब्द सगळ्यांना येतात. टेन्शन, अ‍ॅडमिशन, मॅरेज, ऑपरेशन, ट्रान्सफॉर्मर. शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा सलाइन आणि रिपोर्ट म्हणते. गाडी अडते ती बारक्या शब्दांपाशी. अप, टू, विथ, देम, जस्ट, येट, शुड. एकेकटे ते काहीच नसतात. चार-पाच जण एकत्र आले की त्यांचं भलतंच काहीतरी होतं, आणि ते शब्दकोशात सापडत नाही. म्हणून माझ्या क्लासमध्ये आठवड्यातला एक दिवस मोठा शब्द काढायला बंदी असे. कुणी 'आय अ‍ॅम हंग्री' म्हणालं की मी हंग्री खोडायचे आणि 'आय कुड डू विथ समथिंग' म्हणायला लावायचे. मुली वैतागायच्या. मला मात्र या पद्धतीचा केवढा गर्व! आता तो गर्व आठवला की स्वतःचाच संताप येतो.

माझे चुलत दीर गावातच राहतात. लिंबाच्या बागा, दारात गाडी, मुलगा पुण्यात कंपनीत. एकदा सकाळी चहाला आले आणि म्हणाले, "वहिनी, रविवारी मोकळ्या हाय का? कर्जतकडं पोरगी बघायला जायचंय. तुमी पायजेच."

"मी कशाला?"

"बायोडाट्यात लिवलंय, इंग्लिश बोलता येतं म्हनून. आता समद्याच लिवत्यात. खरं का खोटं, आमाला काय कळनार? आमचा म्हन्तो, उद्या पोरांच्या शाळेत आईबापाची बी मुलाखत घेत्यात. तवा तुमी जरा बोलून बघा तिच्याशी."

बाजारात गाय घेताना जाणता माणूस बरोबर नेतात, दात बघायला. मला तसंच नेत होते, आणि हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी खूश झाले. वीस वर्षांत सासरच्या कुणी माझ्या इंग्रजीला विचारलं नव्हतं. उलट "दोन पुस्तकं शिकली म्हणून शिंगं फुटली" हे मात्र भरपूर ऐकलं होतं. आज त्याच घरातून बोलावणं आलं होतं. मी इस्त्रीची साडी नेसून गाडीत पुढच्या सीटवर बसले.

मुलगा आला नव्हता, त्याला सुट्टी नव्हती. आधी मोठ्यांनी बघायचं, पसंत पडली की पुढच्या रविवारी त्याने यायचं, असं ठरलेलं. सतरंजीवर आम्ही सात-आठ जण, समोर मुलीकडचे तेवढेच. कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन मुलगी आली आणि मी तिला ओळखलं. मोबाईलवरच्या फोटोत चेहरा एवढा पांढरा केला होता की तेव्हा ओळख पटली नव्हती. चार वर्षांपूर्वी काष्टीला मामाकडे राहून ती माझ्या क्लासला यायची. मोठ्या शब्दांच्या बंदीच्या दिवशी तिला हरवणारं वर्गात कुणी नव्हतं.

तिनेही मला ओळखलं. आवळून धरलेला चेहरा एकदम सैल पडला. तिला वाटलं असणार, आपलं माणूस आलं. मी ओळख दाखवली नाही. परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाने ओळख दाखवू नये, असला काहीतरी शहाणपणा मला त्या वेळी सुचला.

नाव, शिक्षण, भाऊ किती, भाकरी येते का, सगळं झालं. तिने बीएस्सी केलं होतं. वडील म्हणाले, "नगरला एमेस्सीला नंबर लागलाय तिचा. पन चांगलं स्थळ आल्यावर काय? लगीन झाल्यावर बी शिकंल की." दीर म्हणाले, "शिकू द्या की, आमची काय ना न्हाई." असं सगळीकडेच म्हणतात. मग ते माझ्याकडे वळले. "हं वहिनी, इचारा."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मी घसा साफ केला आणि तिला स्वतःविषयी काही सांग, असं इंग्रजीत म्हटलं.

ती मान खाली घालून, पाठ केलेलं म्हणावं तशा सुरात, जरासं हसत बोलली. "मॅडम, कुड यू जस्ट टेल देम आयम नॉट अप टू इट? आय वुड रादर नॉट गो विथ देम. नॉट येट."

मला हे जमत नाही असं यांना सांगाल का, मला यांच्यात जायचं नाही, इतक्यात तरी नाही. भर खोलीत, पंधरा माणसांसमोर ती हे मला सांगत होती. 'मॅरेज' नाही, 'कॉलेज' नाही, 'फेल' नाही, कुणाच्या कानाला पकडता येईल असा एकही शब्द तिने घेतला नव्हता. तिचे वडील कौतुकाने मान हलवत होते. तिची आई दाराआडून बघत होती, पोरगी अडखळली नाही म्हणून तिला हायसं वाटलं होतं.

आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? वाक्य बरोबर आहे, हे आलं. सगळे शब्द जागच्या जागी. मी शिकवलेलं. ऊर भरून आला माझा. तिचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं ते त्याच्यानंतर, आणि तोवर दीर विचारत होते, "काय वहिनी, हाय का बरोबर?"

मला फक्त "कच्चं आहे" एवढं म्हणायचं होतं. मराठीतले दोनच शब्द. दिरांचा चेहरा पडला असता, मुलीच्या वडिलांचाही, चार घटका वाईट वाटून सगळे आपापल्या घरी गेले असते, आणि ती नगरला गेली असती. पण मग माझ्या विद्यार्थिनीला इंग्रजी येत नाही असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं. सासरच्या माणसांत एकदाच मिळालेला मान तोंडातून घास काढावा तसा गेला असता. हे सगळं मी तिथे बसून मोजलं, आत्ता मागाहून रचून सांगत नाही.

"उत्तम आहे," मी म्हणाले. "अगदी उत्तम."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि रिकाम्या बश्या गोळा करायला लागली.

परतताना मिरजगावच्या अलीकडे दिरांनी विचारलं, "एवढं काय म्हनली वो ती?"

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. मी म्हणाले, "शिक्षणाची आवड आहे म्हणाली."

"ब्येस!" ते म्हणाले आणि गाडी रसवंतीपाशी थांबवली. मी रस प्याले. आलं घातलेला रस होता, चांगला होता.

दोन महिन्यांत लग्न झालं. एमेस्सीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मुलगा वाईट नाही. पीत नाही, हात उचलत नाही. हे मला सगळेच सांगतात, मी विचारलेलं नसताना सांगतात, बहुतेक मीही स्वतःला तेच सांगत असते. ती पुण्याला फ्लॅटमध्ये राहते आणि नात्याने आता माझी सून लागते. मॅडम म्हणायची ती काकू म्हणायला लागली. प्रत्येक कार्यात ती वाकून माझ्या पाया पडायची आणि मी आशीर्वाद द्यायचे. दुसरं काय करणार होते?

गेल्या वर्षी तिच्या मुलाचं जावळ होतं. दिरांच्या ओसरीवर आम्ही बायका लसूण सोलत बसलो होतो. माझी जाऊ, म्हणजे तिची सासू होती, सासूच्या दोन बहिणी होत्या, शेजारणी होत्या. ती माझ्या शेजारी येऊन बसली, मांडीवर मुंडण केलेलं पोर, आणि तीही लसूण सोलायला लागली. किती दिवस मनात घोळवलेलं मला तेव्हा बोलावंसं वाटलं. बाकीच्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत बोलले, हळू आवाजात. "आय शुड हॅव टोल्ड देम. आय डिडन्ट." मी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. एक कुडी सोलून झाली, तिने दुसरी घेतली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, मराठीत सांगा की. सगळ्यांना कळू द्या."

जाऊबाई हसून म्हणाल्या, "व्हय की वो, काय गुपित हाय एवढं? सांगा आमाला बी."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. तीही बघत होती, शांतपणे, वाट बघत.

"काही नाही," मी म्हणाले. "बाळ अगदी तिच्यावर गेलंय, एवढंच म्हणत होते."