पिक्चरमधली पेनं

अंगठा आणि दोन बोटं जुळवून काका हवेत एक रेघ ओढायचे. म्हणजे, वही उघड, मी निघालो. तुळिंजच्या आमच्या बिल्डिंगीत गेटवर नोंद होते ती पाहुण्यांची, राहणाऱ्यांची नाही. पण काकांचा हट्ट. "माझंही लिही ताई. बाहेर किती वाजता, आत किती वाजता. पेनाच्या पोटात तेवढंच पडतं."

मी गेटवर दिवसपाळीची सिक्युरिटी. गाव हिंगोलीकडं, शाळा सातवीत सुटली, मुलगी तिकडं आईजवळ. लिहायची मला भीती. पाहुणा नाव सांगायचा आणि माझ्या हाताला घाम सुटायचा, अक्षरं एकमेकांवर चढायची. पहिल्याच महिन्यात सेक्रेटरी म्हणाले, "हे वाचायचं कुणी? जमत नसेल तर एजन्सीला दुसरी बाई पाठवायला सांगतो." त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

असा एखादा छंदिष्ट माणूस तुमच्याही बिल्डिंगीत असेल. काकांना पिक्चरमधल्या पेनांचा नाद होता. पडद्यावर न्यायाधीश ज्यानं फाशी लिहितो, जमीनदार ज्यानं सही करतो, तसली हुबेहूब शाईची पेनं ते मागवायचे. पार्सल माझ्याकडं यायचं आणि माझ्याच टेबलावर उघडायचं, कारण वर काकू टपलेल्या. "पुन्हा पेन? आता लिहिणार काय, दूधवाल्याला चिठ्ठी?"

काका टोपण फिरवत मला म्हणायचे, "नकली आहे. पण लिहितं खरं."

शाईचं पेन नुसतं ठेवलं की शाई सुकते. काकांचा हात तर कापायला लागलेला, दोन ओळींपुढं त्यांना लिहवत नव्हतं. सेक्रेटरींचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं. दुसऱ्या दिवशी एक जाड काळं पेन घेऊन खाली आले.

"हे वकिलाचं. हरलेली केस जिंकतं. आजची वही यानं लिही, उपाशी ठेवू नकोस."

"मोडलं तर काका?"

"मोडू दे. फक्त दाबू नकोस. घाई केलीस तर ते रुसतं."

मग रोज एक पेन. सोमवारी वकील, मंगळवारी जमीनदार. खलनायकाच्या पेनावर सोनेरी नाग होता. त्यानं मी सेक्रेटरींच्या पाहुण्यांचीच नावं लिहायचे. हे कळल्यावर काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या पेनांना घाई चालायची नाही, म्हणून माझा हात सावकाश झाला. अक्षरं सुटी झाली. एकदा सेक्रेटरींनी पानं चाळली. "हल्ली वही कोण लिहितं?"

"मीच."

ते वही मिटून निघून गेले. दुसऱ्या बाईचा विषय पुन्हा निघाला नाही. भाजीची पिशवी घेऊन आत येताना काकांनी हळूच विचारलं, "वकील जिंकला का?"

मग एका सकाळी अ‍ॅम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवर काका, तोंडावर मास्क. गेटसमोर रिक्षा आडवी उभी होती, तिच्यावर मी ओरडत होते. काकांनी चादरीतून हात काढला, बोटं जुळवली आणि हवेत रेघ ओढली. मला दिसलं. "हो काका, आधी रस्ता करते," म्हटलं आणि रिक्षाकडं धावले.

टेबलाशी परत आले तेव्हा वहीत एक ओळ मोकळी सोडली. म्हटलं, येतील तेव्हा बाहेर-आत एकदमच लिहू.

काका दवाखान्यातून आले नाहीत. तिकडूनच त्यांना नेलं.

तेराव्यानंतर काकू खाली आल्या आणि वकिलाचं पेन माझ्यापुढं ठेवलं. "मला यातलं काही कळत नाही गं. उपाशी ठेवायचं नाही म्हणायचे ना?"

मी शाई भरली, ते पान काढलं. वेळ मला पाठ आहे, नऊ वाजून दहा मिनिटं. हाताला आता घाम सुटत नाही, पेन धरायला त्यांनीच शिकवलं. निब कागदापर्यंत नेली आणि न लिहिताच टोपण लावलं.

मोकळ्या ओळीच्या वर आदल्या संध्याकाळची नोंद आहे, माझ्याच अक्षरात. काका, बाहेर सव्वापाच, आत सहा. त्यानंतर ते बाहेर गेल्याचं वहीत कुठंच नाही.