कपाटकाकूंचा ओला रंग

जावईबापूंनी स्वतःच्या हातांनी बनवलेला अॅम्प्लिफायर पहिल्यांदा वाजला, तेव्हा बायकोच्या हातातली इस्त्री हवेतच थांबली. गाणारी बाई जणू खुर्ची ओढून समोरच येऊन बसली होती. सासूबाईंनी तर चक्क डोळे मिटून घेतले. गाणं संपलं तसे त्यांनी ते उघडले, टेबलावरच्या त्या यंत्राकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "ऐकायला छान आहे. पण डोळे मिटून माणसानं बसायचं तरी किती वेळ?"

घर सासूबाईंचं होतं. लग्नानंतर जावईबापू तिथे 'थोडे दिवस' म्हणून राहायला आले होते, आणि त्या थोड्या दिवसांत त्यांचे केस पिकायला लागले होते. तेव्हा बैठकीच्या खोलीत काय राहील आणि काय माळ्यावर जाईल, हा निकाल सासूबाईंचाच. त्यावर अपील नाही.

आणि खरं सांगायचं तर सासूबाईंचं काही चुकत नव्हतं. यंत्राच्या पुढच्या बाजूचे काचेचे दिवे मंद पेटत, ते साजरे दिसत. पण त्यांच्या मागे उभे होते तीन ट्रान्सफॉर्मर. लोखंडी पत्र्यांच्या चळतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलेले, विटेएवढे वजनदार ठोकळे. अॅम्प्लिफायरचा सगळा जीव त्यांच्यात, पण रूप असं की जीव द्यावासा वाटावा. एक गंजलेला, एक पोपडे आलेला हिरवा, आणि एकावर कसलंसं काळं लुकण ओघळून तसंच वाळलेलं. तिघे तीन भंगारांतून गोळा केलेले. तीन तिघाडा, काम बिघाडा!

"रविवारी माझ्या बहिणी येणार आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तोवर हे माणसात आणा. नाहीतर माळा रिकामाच आहे."

कितीतरी संध्याकाळी जावईबापूंनी त्या यंत्रापायी घालवल्या होत्या. ऑफिसात त्यांचं कोणी ऐकत नसे, घरात ऐकायची पाळी त्यांचीच. आपलं म्हणून जगात काही वाजावं, एवढीच त्यांची हौस. ते माळ्यावर जाऊन पडणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी बाजारातून रंगाचा फवारा आणला आणि गॅलरीत स्वतःच हात चालवला. रंग इतका सढळ बसला की ट्रान्सफॉर्मरला घाम फुटल्यासारखे ओघळ आले, आणि उरलेल्या ठिकाणी संत्र्याच्या सालीसारख्या पुटकुळ्या. गॅलरीतली कुंडी मात्र एकसारखी काळीभोर झाली.

"कुंडी सुरेख रंगवलीत," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी ऑफिसातल्या एका समदुःखी गृहस्थानं पत्ता दिला. असे अॅम्प्लिफायर बनवणारे वेडे गावात आणखीही होते, आणि त्या सगळ्यांचे ठोकळे शेवटी एकाच दाराशी जात. कपाटकाकूंच्या.

कपाटकाकूंनी उभा जन्म लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंग मारण्यात काढला होता. कारखान्यातून निवृत्त झाल्या, पण हात काही निवृत्त होईनात, म्हणून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आपलं दुकान मांडलं. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसानं 'ओ' द्यावी. नम्रतेशी त्यांची फारशी ओळख नव्हती. "माझ्यासारखा रंग मारणारा मी अजून पाहिला नाही," असं त्या सांगत, "आणि मी पुष्कळ शोधलाय." त्यांचे यजमान, म्हणजे काका, घरातसुद्धा दोन्ही हात खिशात घालून वावरत. कुठे काय ओलं असेल याचा नेम नसे.

काकूंनी तिन्ही ठोकळे उलट्या पिंपावर ठेवले आणि कमरेवर हात देऊन त्यांच्याभोवती फिरल्या.

"हा फवारा कुणी मारला?"

"मी," जावईबापू पुटपुटले.

"पुन्हा मारू नका. गाणं यातच भरलेलं असतं ना?"

"नाही काकू, गाणं तबकडीत. हे फक्त विजेला..."

"असेल, असेल. हे पत्रे ग्राइंडरला लावून गुळगुळीत करते."

जावईबापू किंचाळलेच. "ग्राइंडर नको! पत्र्यापत्र्यात वेगळेपण राहायला हवं, कडा घासून एकमेकांना चिकटल्या तर भट्टीसारखा तापेल तो!"

"बरं, बरं, तुमचं लेकरू आहे. ब्रशानं घासते." काकूंनी नाक मुरडलं. "रंग कुठला?"

"काळा."

"सगळेच काळा म्हणतात. मन ठरत नसलं की माणूस काळा म्हणतो. बघणार कोण आहे त्याच्याकडे?"

जावईबापूंनी सासूबाईंची हकिकत सांगितली. काकूंनी स्टूल ओढून घेतलं. "आता कसं! मग सांगा, सासूबाईंना काय बघायला आवडतं?"

जावईबापूंनी इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण सासूबाईंना काय आवडत नाही याचीच यादी त्यांना पाठ होती.

"अहो जावईबापू, बाई कशाला तरी आपणहून हात लावत असेल की नाही? कपडा, भांडं, फूल, काहीही?"

खूप विचार केल्यावर जावईबापूंना मंडई आठवली आणि ते सांगू लागले. दर आठवड्याला ते पिशव्या घेऊन सासूबाईंच्या मागून चालत. सासूबाई भाजीवाल्यांशी भांडत, काकडीला नावं ठेवत, टोमॅटोकडे तर बघतही नसत. पण वांग्यांच्या ढिगापाशी आल्या की गप्प होत. एक वांगं उचलत आणि त्याच्या तुकतुकीत पाठीवरून अंगठा फिरवत राहत. पुष्कळदा वांगी घेतही नसत. नुसता अंगठा फिरवून पुढे जात.

"झालं की!" काकू इतक्या जोरानं म्हणाल्या की आतून काकांनी "काय सांडलं?" म्हणून विचारलं.

पुढचे दिवस जावईबापू ऑफिस सुटलं की शेडमध्ये हजर. काकूंनी गंज खरवडला, तांब्याच्या जोडण्यांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या, तांबडा अस्तराचा हात दिला. हिरव्या ठोकळ्याचा खांदा जरा बसका होता, तिथे त्यांनी लुकण भरून, घासून, पुन्हा भरून तो इतका सारखा केला की कुठे खड्डा होता ते जावईबापूंनाच सापडेना. मग काळ्यात जांभळा, जांभळ्यात थेंबभर लाल असं घोटत बसल्या. मोठ्या ठोकळ्याला किंचित गडद छटा दिली. "दांडगा आहे, थोडा अंग चोरून बसू दे." आणि खरोखरच तो अंग चोरून बसला! कालपर्यंत एकमेकांची तोंडं न बघणारे तिघे सख्खे भाऊ दिसायला लागले. सावलीत काळे, उन्हाची तिरीप आली की पोटातून जांभळे. जावईबापूंना वाटलं, आपण इतक्या संध्याकाळी जे लोखंड उचललं, ठेवलं, त्याची आज पहिल्यांदा ओळख होतेय. ते वाकून बघतच राहिले.

"असे बघू नका, पास व्हायचाय अजून," काकू म्हणाल्या.

काकूंची पास करायची रीत जगावेगळी होती. कारखान्यात असताना एक कपाट दुकानातून सारखं परत येई, कुणी ना कुणी ओल्या रंगाला बोट लावलेलं असे. मालक चिडे, पण काकूंच्या लक्षात आलं की बाकीची कपाटं ठशाशिवाय जातात, कारण त्यांना हात लावावासा कुणाला वाटतच नाही. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. रंग ओला असतानाच माल रस्त्याकडच्या कट्ट्यावर ठेवायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याचं बोट आपोआप लागलं, तर पास. मग तो ठसा घासून वर शेवटचा हात. 'रंग ओला आहे' ही पाटी लावायची नाही, कारण पाटी दिसली की माणूस बोट लावणारच. तो गुण पाटीचा, रंगाचा नाही. स्वतःच्या घरच्यांचं बोट हिशेबात धरायचं नाही. पोस्टमन हा त्यांचा सर्वांत भरवशाचा परीक्षक. त्याच्या उजव्या हाताची बोटं कायम कुठल्या ना कुठल्या रंगाची असत.

शुक्रवारी तिघे कट्ट्यावर बसले. दूधवाला थांबला, बघितलं, गेला. शाळेतून येणाऱ्या मुली थांबल्या, कुजबुजल्या, गेल्या. पोस्टमन आला, सायकलवरून उतरला आणि दोन्ही हात पाठीशी बांधून उभा राहिला.

"लाव की रे बोट!" काकू खिडकीतून ओरडल्या.

"नको काकू. भीती वाटते. आरशासारखं झालंय."

काकूंचा चेहरा पडला. जावईबापूंना कळेना, ही तर स्तुती होती.

"स्तुती कसली! लांबून नमस्कार करायचा रंग झाला हा. नापास." आणि त्यांनी पाण्यात बुडवलेला बारीक पॉलिशपेपर घेऊन त्या आरशावर सरळ घासायला सुरुवात केली. जावईबापूंनी दाराची चौकट धरली. चकाकी गेली, धुरकट राखाडी राहिली. शनिवारी दुपारी काकूंनी अगदी पातळ असा आणखी एक हात दिला. आता ते चमकत नव्हते. तुकतुकीत दिसत होते, नुकतेच देठावरून तोडल्यासारखे.

पण परीक्षेला वेळच उरला नाही. "बिनपास माल मी देत नाही," काकू म्हणाल्या. "पण घेऊन जा. परीक्षा घरीच होऊ दे. वरून सुकलाय, आतून मऊ आहे. ओला आहे म्हणून कुणाला सांगायचं नाही. शेवटचा हात द्यायला मी सोमवारी येते."

रविवारी सकाळी जावईबापूंनी श्वास रोखून, यंत्राच्या पेटीच्या खालून स्क्रू आवळत ठोकळे जागेवर बसवले. दुपारी सासूबाईंच्या दोघी बहिणी आल्या. चहा झाला, गुडघे झाले, सुना झाल्या. अॅम्प्लिफायरकडे बघून थोरली म्हणाली, "हे काय गं नवीन?"

"रेडिओसारखं असतं काहीतरी," सासूबाई म्हणाल्या आणि बिस्किटांची बशी पुढे केली. बस्स, एवढंच.

पाहुण्या गेल्यावर जावईबापूंनी कंदील घेऊन शोधावा तसा ठसा शोधला. पुढून काही नाही. बाजूनं काही नाही. माळ्याची शिडी त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागली. वायर काढायला म्हणून ते भिंतीकडच्या बाजूला वाकले आणि तिथेच थांबले. मोठ्या ठोकळ्याच्या पाठीवर, जिथे कुणी मुद्दाम हात घातल्याशिवाय पोचणारच नाही, तिथे एका अंगठ्याचा ठसा होता. नुसता टेकवलेला नव्हे. वरून खाली सावकाश फिरवलेला.

पण कुणाचा? बहिणीही त्याच बाजूनं खिडकीपाशी गेल्या होत्या. विचारायची सोय नव्हती.

सोमवारी काकू ब्रश घेऊन हजर झाल्या. सासूबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, काकूंनी सासूबाईंना डोक्यापासून पायापर्यंत. दोन तोफा समोरासमोर आल्या म्हणून जावईबापू मधून बाजूला झाले.

काकू यंत्रामागे वाकल्या. ठसा दिसला आणि त्या आणखी खाली वाकल्या. जन्मभर त्यांनी बोटं पाहिली होती, टोचणारी, चाचपणारी, चोरटी. असा अंगठा पाहिला नव्हता. त्यांनी आपला स्वतःचा अंगठा त्या ठशावर टेकवायला पुढे केला.

"अहो बाई, हात लावू नका!" सासूबाई दारातून ओरडल्या. "रंग येतो हाताला! कालपासून घासतेय, जात नाही!"

बायकोच्या हातातली इस्त्री पुन्हा एकदा हवेत थांबली. सासूबाईंनी उजव्या हाताची मूठ मिटली, पण अंगठ्याचं जांभळं टोक बाहेरच राहिलं.

"पास," काकू हळूच म्हणाल्या. हळू म्हणजे फक्त याच गल्लीत ऐकू गेलं. मग त्यांनी ब्रश डब्यात बुडवला. "शेवटचा हात द्यायचा ना?"

जावईबापूंनी सासूबाईंकडे पाहिलं.

"पुढून द्या," सासूबाई म्हणाल्या. "मागची बाजू राहू दे तशीच. भिंतीकडे आहे, कुणाला दिसतेय!"