जोडीनं

"गोळ्या दोघांनी घ्यायच्या, तोवर निरोध वापरायचा. नाहीतर हा संसर्ग तुम्हाला त्यांच्याकडून पुन्हा होणार," सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्या आधीच्या बाईला सांगत होत्या. मध्ये पडदा होता, पण सगळं ऐकू येत होतं.

"ते म्हणतात, मला काही झालं नाही. तुलाच उष्णता झालीय, सब्जा पी."

'ते' बाहेर बाकावर मोबाइल बघत बसले होते. अस्सा संताप आला! सत्यनारायणाला हेच गृहस्थ जोडीनं बसले असतील. पुण्य दोघांना मिळावं म्हणून हिनं त्यांच्या हाताला हात लावला असेल. दुखणंही तसंच मिळालं. औषधाला मात्र ही एकटी.

बाहेर येऊन तिनं त्यांच्या गोळ्यांचं पाकीट पुढे केलं.

"हेही तूच घे," ते म्हणाले, "लवकर बरी होशील."