मधल्या टाळ्या

परवा ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला पुण्यातलं ते थंडगार सभागृह आठवलं. लेक पुण्यात शिकायला होती, तिथेच पियानो शिकली, आणि तिचा पहिला मोठा कार्यक्रम होता. कळंबहून एसटीने आम्ही दोघं गेलो. यांनी ट्रंकेतला लग्नाकार्याचा कोट घातला होता आणि शेजारच्या खुर्चीतली बाई सारखी नाकाला रुमाल लावत होती. पियानो आम्ही पहिल्यांदाच समोर पाहत होतो. त्यातलं काही कळत नव्हतं, पण लेकीची बोटं अशी झरझर धावत होती की हे श्वास रोखून बघत होते. मध्येच तिने हात मांडीवर ठेवले, सगळं शांत झालं. यांना वाटलं, संपलं. हे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, "लई भारी वाजवलंस, बाय!" म्हणाले. सगळी माणसं मागे वळली, कोणी हसलंही. लेकीने मान वर केली नाही. कार्यक्रम संपल्यावर ती आम्हाला कोपऱ्यात घेऊन गेली. "मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, बाबा. माझे सर बसले होते तिथे." "आमाला काय म्हाईत, पोरी? संपलं असं वाटलं." "मग नका येत जाऊ." हे नुसते हसले. यंदा हे गेले. दहाव्याला लेक पाहुण्यांना रडत सांगत होती, "माझं वाजवणं बाबांना फार आवडायचं." ते खरंच होतं. पण त्या दिवसानंतर तिने त्यांना एकदाही बोलावलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.