हरणखुरीची काच

सदर बाजारात बोभाटा होता, की फोटोवाल्याची विधवा ग्वारीघाटाच्या वाटेवर गव्हात बसून करणी करते. दूधवाली नर्मदाबाई तर डोळे वटारून सांगायची, "काला कपड़ा ओढ़ के बैठती है, जी! जिस खेत में बैठी, समझो गेहूँ गया!" हे मी तिच्याच आवाजात भानुमावशींना, म्हणजे त्या विधवेलाच, ऐकवलं. त्या हसल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "असू दे."

करणीबिरणी काही नव्हतं. काळा कपडा कॅमेऱ्याचा. त्याखाली डोकं घालून त्या गव्हाच्या ताटांवर चढलेली हरणखुरीची रानवेल बघत, तिची पांढरी-गुलाबी फुलं बघत. नुसत्याच बघत. जिच्यावर फोटो उमटतो ती कोरी काच त्यांच्या हाती देणार कोण?

स्टुडिओ त्यांच्या यजमानांचा, रामकृष्णपंतांचा. ते गेले, पुढची खुर्ची धाकटे दीर हेमचंद्र यांना मिळाली आणि मावशींना मागची खोली. तिथं खिडकीशी बसून त्या टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवरचे चेहरे साफ करत. सुभेदाराच्या गालावरचे देवीचे वण, नवरीच्या कपाळावरची खोक, सगळं नाहीसं. "वहिनींचा हात हलका आहे," हेमचंद्र गिऱ्हाइकांना नाकातून सांगत, "पण फोटो काढणं म्हणजे बायकांचं काम नव्हे हो!"

त्या फाल्गुनात यजमानांचा कॅमेरा विकायचं ठरलं. कटनीचा माणूस तो न्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवसासाठी मावशींनी दिराकडे पहिल्यांदाच काही मागितलं. एक काच. आपला असा एक तरी फोटो. हेमचंद्रांनी पेटीच्या तळची, जुनी दिली.

त्या दिवशी टांग्यात कॅमेऱ्याची तिपाई माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, "मावशी, लावता पैज? कोणीतरी नको म्हणेल, तुम्ही 'असू दे' म्हणाल, आणि काच कोरीच घरी येईल."

"आणि नाही आली तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

"मग दिवे लागेपर्यंत तोंड बंद. कोणाचा आवाज काढायचा नाही. तुझा स्वतःचासुद्धा!"

बांधावर गणपत उभाच होता. धुतलेलं धोतर, केसांना तेल, गाल घोटलेले. तुझ्या वावराचा फोटो काढायला येते, असा निरोप मावशींनीच त्याला धाडला होता.

"या बाई, या! निरोप भेटला अन् सारं घर कामाले लावलं. फोटोत वावर घाण दिसन तं लोक काय म्हणतीन? माणूस फोटोसाठी दाढी करते, म्या वावराची केली. पाहा, एक तण ठेवलं नाही!"

खरंच नव्हतं. गहू, नुसता गहू. शाळेत कवायतीला उभा केल्यासारखा.

मावशी वाकून ताटांच्या बुडाशी शोधू लागल्या. गणपतचा चेहरा उतरला. "काहून जी? काही राहिलं काय?"

"नाही रे. छान केलंस." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मी तरी त्या खिडकीत बसून दुसरं काय करते, कुंदे?"

मी 'असू दे'ची वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "गणपत, उपटलेलं टाकलं कुठं?"

ते गोठ्यामागे होतं. हरणखुरीचा भारा, फुलं मिटून चिंधीसारखी झालेली, आणि म्हैस त्यात तोंड घालून सावकाश खात होती. मावशींनी तिथंच तिपाई रोवली.

"अवं बाई, हे काय करून राहिल्या? वावर तिकडे आहे ना!"

त्या काळ्या कपड्याखाली गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग भिंगावरचं झाकण काढलं, लावलं, आणि तोंड न दाखवताच म्हणाल्या, "हरलीस."

मी तोंड मिटलं. गणपतचं ते दाढीचं वाक्य जिभेवर नुसतं वळवळत होतं.

परत येऊन त्यांनी काच धुतली, ओलीच उजेडात धरली. हेमचंद्र मागून डोकावले. "हे काय, वहिनी? गवत? अन् म्हशीचं तोंड? खरवडून ठेवा ती काच, कशाच्या तरी कामी येईल."

"असू दे," मावशी म्हणाल्या आणि पातं उचललं.

काच पुन्हा कोरी झाली. आता पैज माझीच की हो, असं मला ओरडायचं होतं. हेमचंद्रांना त्यांच्याच नाकातून काय काय ऐकवायचं होतं. पण काच कोरी घरी आली नव्हती, ती घरी कोरी झाली होती. आणि सदरचे दिवे अजून लागले नव्हते.